शमीमआपांच्या बेण्याचा खड्डा

आमच्या पुंडलिकनगरातली माणसं उन्हाळ्यात केरळला जातात, काश्मीरला जातात, आणि परत आली की शेजाऱ्यांना बसवून मोबाइलवर शेकड्यानं फोटो दाखवतात. मी गेल्या वर्षी वैशाखात पिशोरला गेले. चार दिवस. "पिशोरला? तिथं काय आहे बघायला?" समोरच्या वहिनींनी विचारलं. "आलं," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी मला मनालीचे फोटो दाखवले आणि मी ते बघितले.

थट्टा नव्हती. एका शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पिकांचे रोग बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी डोळ्याची खोड जात नाही. भाजीवाल्याच्या टोपलीतला बटाटा उचलला तरी आधी डाग शोधते. आमचे हे म्हणायचे, "तू लग्नात मला बघायला आलीस की तपासायला?" तर अशा माणसाला पिशोरला बोलावणं आलं, आणि मी एका शब्दावर हो म्हटलं. परत आले तेव्हा मात्र जायलाच नको होतं असं वाटलं. पुढं तर त्याहून वाईट वाटलं. ते का, तेच लिहितेय.

बोलावणं आलं इरफानकडून. माझा जुना विद्यार्थी, आता वाळूजच्या एका कंपनीत कामाला, राहतो आमच्याच मागच्या गल्लीत. त्याची आई, शमीमआपा, पिशोरच्या पुढं एका वस्तीवर अद्रक करते. आपण शहरात आलं म्हणतो, तिकडं सगळे अद्रकच म्हणतात. "बाई, मागच्या पावसाळ्यात शेताचा एक कोपरा पिवळा पडला होता," इरफान म्हणाला. "अम्मी म्हणते पाणी साचलं असेल. पण आता लावणीचं बेणं काढायची वेळ आली. अख्खी वस्ती तिच्याच खड्ड्यातलं बेणं नेते. तुम्ही एकदा बघून या ना. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

तुमचं ऐकेल. हे शब्द मी पुढं किती वेळा आठवले असतील, सांगता येत नाही.

पिशोरची गाडी

मध्यवर्ती स्टँडवरून सकाळची एसटी. पिशवीत चाकू, दोन काचेचे ग्लास कापडात गुंडाळलेले, भिंग आणि स्पिरिटची बाटली. बाटलीचं झाकण नीट लावलं नव्हतं, हे दौलताबाद सुटल्यावर कळलं, तेही मला नाही, कंडक्टरला. तो तिकिटं फाडत फाडत थांबला, नाक वर केलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, पिशवीत काय हाय?"

"स्पिरिट."

"कशाला?"

"अद्रक तपासायला."

"अद्रक तपासायला बी दारू लागती का आता?"

मागच्या सीटवरचा एक फेटेवाला म्हणाला, "लागत असंल रं. चहा कडक व्हत असंल." झालं, अख्खी गाडी हसली. मला आला राग. मी उभी राहिले आणि एक कंद कापून दुसरा कापायच्या आधी चाकू स्पिरिटनं का पुसायचा, नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याला कसा लागतो, हे वेरूळ येईपर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं. वेरूळला निम्मी गाडी रिकामी झाली. उरलेले ऐकत राहिले. कन्नडला गाडी बदलली तर फेटेवाले माझ्यामागं त्याच गाडीत. "बाई, माझ्या बी रानात सड लागली व्हती. झाड वढलं की हातात येतं, अन् वास असा की डोकं उठतं. ते काय?" पिशोर येईपर्यंत मला पाचजणांनी आपापल्या अद्रकाची दुखणी सांगितली. डॉक्टरला लग्नात भेटल्यावर लोक पाठ दाखवतात ना, तसंच. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

नवं पातेलं

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. डोंगराची रांग उत्तरेला, उघडीबोडकी, मातीच्या रंगाची. रानं नांगरून, गादीवाफे पाडून तयार. वाफ्यांवर ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या. आता फक्त बेणं लावायचं बाकी होतं. शमीमआपा दारात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"या बाई. पाय धुवा आधी. ऊन लागलं असंल."

मी मांस खात नाही हे इरफाननं फोनवर सांगून ठेवलं होतं. आपांनी आदल्या दिवशी पिशोरच्या बाजारातून एक पातेलं, एक तवा आणि एक ताट नवं आणलं होतं. ताटावरचा कंपनीचा कागद अर्धा निघाला होता, अर्धा चिकटलेलाच. त्यात खिचडी, चिंचेचा खट्टा आणि पापड. आमच्याकडं खिचडी म्हणजे कंटाळ्याचं जेवण; काही सुचलं नाही की खिचडी टाकतो. त्यांच्याकडं खट्ट्याबरोबर खिचडी हा सकाळचा मानाचा बेत, म्हणून खास माझ्यासाठी दुपारी केलेला. तीळ, शेंगदाणा आणि चिंचेचा तो पातळ आंबट रस मी दोनदा मागून घेतला.

"भांडं कोरं हाय बाई," आपा म्हणाल्या. "तुमच्या मनात काय नको."

"अहो आपा, माझ्या मनात काही नव्हतं. उगाच खर्च केलात."

"मेहमानासाठी उगाच काय असतं?"

मला इतकं अवघडल्यासारखं झालं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा असतो, हे मला तिथं, त्या कोऱ्या ताटासमोर आठवलं. परत आल्यावर तो कप मी टाकून दिला. पण तो विषय वेगळा.

जेवण झाल्यावर त्यांनी खड्डा दाखवला. घरामागं कडुनिंबाखाली. तळाला वाळू, वर निंबाचा पाला, त्यात निवडून ठेवलेले कंद, वर फळ्या आणि मातीचा थर. हवा खेळायला एका बाजूला हातभर भोक. ह्या खड्ड्याची रीत अशी: दरवर्षी आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला (घाटाखाली खानदेश, म्हणून तिकडंही आखाजीच म्हणतात), आपा खड्डा उघडतात. वस्तीवरची बारा घरं टोपल्या घेऊन येतात आणि बेणं नेतात. विकत नाही, बेणं विकलं की बरकत जाते म्हणे. पीक निघालं की प्रत्येकानं आपल्या रानातले सगळ्यात चांगले कंद आपांच्या खड्ड्यात आणून घालायचे. ते पुढच्या वर्षी पुन्हा बारा घरी जाणार. आपांच्या सासूपासून हे चालू आहे.

"माझ्या हाताचं बेणं सडत नाय, असं म्हणतेत लोक," आपा म्हणाल्या आणि लाजल्या.

मी ऐकत होते आणि माझ्यातली प्रयोगशाळेतली बाई जागी होत होती. बारा रानांतले कंद एका खड्ड्यात, एकमेकांना चिकटून, सगळा उन्हाळा. मग पुन्हा बारा रानांत. एका रानात जरी आजार असला तर तो पोचवायला ह्याहून चांगली सोय कुणी केली नसती. पण काय माया त्या रीतीत! मी दोन्ही गोष्टी एकदम बघत होते, आणि कुठली आधी बोलावी ते मला कळत नव्हतं. म्हणून काहीच बोलले नाही. पहिली चूक तिथं झाली.

ग्लास

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांनी भोकातून हात घालून वेगवेगळ्या जागचे दहा कंद काढून दिले. वरून सगळे छान होते, भरदार, डोळे फुटायला आलेले. कुणीही फसलं असतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले, कारण उजेड तिथं होता. आपा चुलीपाशी माझ्यासाठी भाकरी थापत होत्या.

अद्रकाला दोन मोठे आजार. एक सड, बुरशीची. ती दिसते, वास मारते, लपत नाही. दुसरी मर, ती बारीक जिवाणूंची. ती कंदाच्या आत गप्प बसून असते आणि पावसाळ्यात झाडं हिरवीच्या हिरवी माना टाकतात. तिची परीक्षा सोपी आहे. कंदाचा ताजा काप स्वच्छ पाण्याच्या ग्लासात अधांतरी धरायचा आणि थोडा वेळ हलायचं नाही. कंद निरोगी असेल तर पाणी तसंच राहतं. आजारी असेल तर कापातून दुधाळ तार खाली उतरते, उदबत्तीचा धूर उलटा वाहावा तशी.

पहिल्या तीन कंदांना काही नाही. चौथ्याला तार उतरली. मी ग्लास बदलला, चाकू पुसला, पुन्हा काप घेतला. पुन्हा उतरली. पुढं सातव्यालाही. दहातले दोन. वाचणाऱ्याला वाटेल, दोनच तर आहेत. पण आजारी कंद निरोग्यांना खेटून महिनोन् महिने पडलेला; शिवाय लावताना एकाच विळ्यानं सगळ्याचे तुकडे करतात. हे बेणं कुणीच लावायला नको होतं. खड्डा तसाच बंद करून त्यात चुना ओतायला हवा होता. मला हे त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. शंका नव्हती. आज कुणी म्हणालं की तुम्हाला खात्री नसेल, तर तसं नाही. खात्री होती.

"काय दिसतंय बाई?" आपांनी चुलीपासूनच विचारलं. "बेणं चांगलं हाय ना?"

भाकरी तव्यावर फुगली होती. त्यांनी ती उचलून कोऱ्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि माझ्यापुढं सरकवली. उद्या आखाजी. उद्या बारा घरं येणार. ह्या बाईनं माझ्यासाठी पातेलं विकत आणलंय, आणि मी तिला म्हणू, तुमच्या हाताचं बेणं नासलंय?

"नक्की सांगायला दोन दिवस लागतील, आपा," मी म्हणाले. "शहरात नेऊन मोठ्या यंत्राखाली बघावं लागेल."

"म्हंजी खराब नाय ना?"

"अजून तसं म्हणता येणार नाही."

"मग उद्या उघडू का नको?"

आणि मी, जी एसटीत कंडक्टरला वेरूळपर्यंत भाषण देते ती मी, म्हणाले, "ते तुम्ही ठरवा."

आपा म्हणाल्या, "तुम्ही नाय म्हणला नाय, म्हंजी व्हय." आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली. मी ग्लासातलं पाणी मोरीत ओतून दिलं. भाकरी खाल्ली. चांगली झाली होती, हे लिहायलाही लाज वाटते.

आखाजी

सकाळपासून वस्तीवर गडबड. निंबाला झोका बांधलेला, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. आपांनी अंघोळ करून, डोक्यावरून पदर घेऊन, बिस्मिल्ला म्हणून फळी बाजूला केली. शेजारचे रंगनाथअण्णा सगळ्यात वयस्कर, म्हणून पहिली टोपली त्यांची. त्यांच्या घरधनिणीनं खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं. आमच्या कॉलनीत गणपतीची वर्गणी एकत्र की वेगळी ह्यावरून दोन वर्षं अबोला आहे. इथं एकाच खड्ड्याला बिस्मिल्लाही आणि हळदकुंकूही, आणि कुणाला त्यात काही सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

मला मानानं खुर्ची दिली होती. रंगनाथअण्णांनी टोपली डोक्यावर घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, "औंदा भ्याव नाय बरं का! शहरातनं तपासायला बाई आल्यात!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एक म्हातारी हात जोडून हसली. तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. खुर्चीतून उठायचं आणि म्हणायचं, थांबा, टोपल्या खाली ठेवा. चार शब्द. काय झालं असतं? सण बिघडला असता, आपांचं तोंड पडलं असतं, लोक माझ्यावर चिडले असते. माणसं मेली नसती. मी उठले नाही. मी काय म्हणाले माहीत आहे? "बेणं औषधात बुडवून लावा हं सगळ्यांनी." आजार आत असला तर वरून बुडवून काही होत नाही. तीस वर्षं पोरांना शिकवलेली गोष्ट. पण काहीतरी बोलल्यासारखं झालं ना, तेवढ्यावर माझ्या मनानं समाधान मानून घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बारा टोपल्या गेल्या. दुपारी रंगनाथअण्णांकडं आमरस आणि पुरणपोळी. मला आग्रह करकरून वाढलं आणि मी जेवले.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. आपांनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. "रिपोर्टचं कळवा बाई," म्हणाल्या.

शहरात आल्यावर जुन्या प्रयोगशाळेत जाऊन बघितलं. जे दिसायचं तेच दिसलं. त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी आठ दिवस लावले. आज करू, उद्या करू, इरफानच भेटला तर सांगू. शेवटी तो गल्लीत भेटला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "बाई, सगळ्यांचं लावून झालं की. परवाच झालं." मग मी घाईघाईनं उपाय लिहून दिले. एका रानाचं पाणी दुसऱ्यात जाऊ देऊ नका, मान टाकलेलं झाड मातीसकट काढा, तिथं चुना टाका. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी.

भादव्यात

पावसाळाभर मी पिशोरचं नाव काढलं नाही. इरफानही काढत नव्हता. दिसला की नमस्कार करून पुढं जायचा. भादव्यात मात्र राहवेना. एकटीच निघाले. ह्या वेळी पिशवीत काही नव्हतं.

डोंगर हिरवेगार झाले होते. मक्याची ताटं पुरुषभर उंच. आणि मध्येमध्ये अद्रकाची रानं, ज्यांच्याकडं बघवत नव्हतं. पानं नळीसारखी गुंडाळलेली, झाडं उभ्या जागी माना टाकलेली, काही पिवळी, काही भुईसपाट. बारापैकी नऊ रानं गेली होती. तीन वाचली होती ती उतारावरची, पाणी न थांबणारी.

आपा दारात होत्या. "या बाई. पाय धुवा." तेच शब्द. आत गेले. त्यांनी पाणी दिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"एक इचारू? त्या दिवशी ग्लासात दिसलं व्हतं ना?"

"हो."

"म्या बघितलं व्हतं. ग्लास नाय बाई, तुमचं तोंड. उतरलं व्हतं. पर मला वाटलं, खरंच तसं असतं तर बाई बोलल्या असत्या. एवढ्या शिकलेल्या."

मी रडले. त्या नाही रडल्या.

मग हळूहळू कळलं. वस्तीवर असं झालं होतं की आपांचा हातगुण गेला. कुणी तोंडावर बोललं नाही, पण येणंजाणं कमी झालं. रंगनाथअण्णांच्या घरून गौरीचा फराळ दरवर्षी यायचा, ह्या वर्षी आला नाही. आणि ह्या बाईनं सगळा पावसाळा एकदाही, एकालाही सांगितलं नव्हतं की शहरातल्या बाईला आधीच माहीत होतं. इरफानलाही तिनं सांगू दिलं नव्हतं.

"का नाही सांगितलंत आपा? माझं नाव घ्यायचं होतंत!"

"मेहमान व्हता तुमी माझ्या घरच्या. मेहमानाचं नाव कसं घेऊ?"

मला वाटलं होतं, खाल्लेल्या मिठाला जागून मी गप्प बसले. मिठाला जागणं म्हणजे काय, ते ह्या बाईला माहीत होतं. मी फक्त भित्री होते.

मी उठले. "चला माझ्याबरोबर. बाराही घरी. मी सांगते." आपा नको नको म्हणाल्या, मग चप्पल घालून आल्या. दुपारभर आम्ही चिखलातून घरोघरी फिरलो. प्रत्येक दारात मी तेच सांगितलं, की बेण्यात आजार आहे हे मला आखाजीच्या आदल्या दिवशीच दिसलं होतं, मी बोलले नाही, आपांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणी ऐकून आत निघून गेलं. एका बाईनं पोटभर शिव्या दिल्या. आपा तिला आवरायला लागल्या तर मीच म्हटलं, देऊ द्या.

रंगनाथअण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी सांगितलं असतं तर आमी ऐकलं असतं का, म्हाईत नाय. सणाचा दिस व्हता. कदाचित नसतंच ऐकलं. पर सांगायचं काम तुमचं व्हतं, बाई." आणि आपांकडं वळून, "वैनी, चुकलं आमचं."

त्याच दिवशी मी आपांना खड्ड्यात चुना टाकून तो बुजवायला सांगितला आणि त्यांनी बुजवला. तेव्हापासून वस्तीवर जो तो आपापलं बेणं बाहेरून, तपासलेलं म्हणून आणतो. ह्या वर्षीच्या आखाजीला कुणीच कुणाकडं टोपली घेऊन गेलं नाही, असं इरफान सांगत होता. कुणाचं अद्रक कुणाच्या अद्रकात मिसळत नाही, त्यामुळं आजारही आटोक्यात आहे, यंदा एकाही रानात मर दिसली नाही. शास्त्राप्रमाणं हे असंच व्हायला हवं होतं. मी जन्मभर हेच शिकवलं. मला आनंद व्हायला पाहिजे. होत नाही.